सहा महिने मागे

१

आर्विड कांगासच्या नावाने कुणीतरी म्हातारपणाची सरकारी पेन्शन उचलत होतं. याचा पहिला सुगावा आर्विडला लागला तो डोळ्यांच्या दवाखान्यात. मोतीबिंदूचं बिल विमा कंपनीने परत पाठवलं होतं, आणि खिडकीमागच्या मुलीने संगणकात बघून सहज सांगितलं, "तुम्हाला सरकारचा विमा आहे ना, मेडिकेअर? मे महिन्यापासून दिसतंय. आधी बिल तिकडे जायला हवं."

आर्विडने बिल खिशात घातलं. घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी कराचे कागद कापडी पिशवीत घालून रूथ निएमेलाच्या दुकानात आला.

रूथचं दुकान पूर्वी बुटांचं होतं. दमट हवेत भिंतींना अजून चामड्याचा वास सुटायचा. गावातल्या निम्म्याअधिक लोकांची विवरणपत्रं ती भरायची, आणि मार्च म्हणजे तिच्या कामाचे दिवस. बाहेर रस्त्याकडेला लोटलेला बर्फ मळून राखेसारखा झाला होता. सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा दाराच्या फटीतून शिट्टी घालत होता.

आर्विडने बूट झटकले, पिशवी टेबलावर ठेवली. "वॉल्टर कसा आहे?" तो म्हणाला. "बर्फ फुटला की जाळी टाकायला येतो म्हणून सांग त्याला."

वॉल्टर रूथचा नवरा. त्याला जाऊन तीन हिवाळे झाले होते आणि त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत आर्विड होता. रूथने मान खाली घातली. जुन्या सवयीने जीभ चालते कधीकधी. तीसुद्धा अजून सकाळी दोन कप काढायची.

"सांगते," ती म्हणाली.

मग आर्विडने दवाखान्यातली हकीकत सांगितली. सदुसष्ट वर्षांचा हा माणूस अजून आरागिरणीत करवतीच्या पात्यांना धार लावायचा. त्या कामात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. विमा गिरणीचाच होता. त्याला जोडून एक आरोग्य बचत खातं होतं, त्यात दर पगारातून पैसे जायचे. दवाखान्यासाठी साठवलेल्या त्या पैशांवर कर लागत नसे.

रूथने कागद चाळले आणि तिच्या कपाळावर आठी पडली. या खात्याची एक अट आहे, तिने त्याला पुन्हा एकदा समजावलं. दुसरा कुठलाही विमा असता कामा नये. मेडिकेअर सुरू झालं की त्या महिन्यापासून या खात्यात एक पैसा टाकता येत नाही. मेपासून डिसेंबरपर्यंत गेलेली सगळी रक्कम जादा ठरते. ती एप्रिलच्या मुदतीआधी, तिच्यावर जे काही व्याज मिळालं असेल त्यासकट, बाहेर काढली तर नुसता कर भरून सुटता येतं. नाही काढली तर दंड, आणि तो रक्कम खात्यात राहील तितकी वर्षं.

"दंडाचं नंतर बघू," आर्विड म्हणाला. "मेडिकेअर आलं कुठून?"

"पासष्टी उलटलेल्या माणसाने पेन्शनचा अर्ज केला की ते आपोआप येतं."

आर्विड तिच्याकडे बघत राहिला. त्याचा आवाज खाली गेला. "रूथ, मी अर्ज केलेलाच नाही."

२

सरळ मार्ग एकच होता. जिल्ह्याच्या गावी सरकारी कचेरीत जायचं आणि तक्रार नोंदवायची. रूथने तो सुचवला, पण आर्विडने मान हलवली.

"तक्रार केली की पुढचं माझ्या हातात राहत नाही. सरकारच्या पैशाची चोरी ती. घरातलंच कुणी निघालं तर तुरुंगात जाईल."

घरातलं कुणी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. आर्विडची बायको लॉरेन हिला पहिल्या लग्नाचा एक मुलगा होता, कर्टिस. ऐन विशीत त्याला जुगाराचा नाद होता आणि एकदा त्याने आर्विडची खोटी सही करून चेक वटवला होता. आर्विडने ते पैसे निमूट भरले होते, गावात वाच्यता केली नव्हती. त्यानंतर कर्टिस सुधारला. लोहखनिज वाहणाऱ्या जहाजांवर काम करू लागला. सरोवर गोठलं की जहाजं बंदराला लागत, आणि तो आईच्या घरी तळघरातल्या खोलीत येऊन राहायचा.

"माझ्या नावावर कुणीतरी सरकारी विमा काढलाय एवढं कळलं, आणि काल रात्रीच बाहेर काढला त्याला," आर्विड म्हणाला. "काही बोलला नाही. बोचकं उचललं आणि गेला. निर्दोष माणूस असा जातो का?"

लॉरेनने काय केलं, असं रूथने विचारलं. लॉरेन भांडी घासत राहिली होती.

शेवटी ठरलं असं की रूथने आधी गुपचूप शोध घ्यायचा. नाव कळलं की काय करायचं ते आर्विड ठरवेल. विवरणपत्रही तोवर थांबेल.

निदान जादा रकमेचं तरी आज मार्गी लावू, असं म्हणून रूथने बचत खात्याच्या बँकेला फोन लावला, आर्विडला समोर बसवून, आवाज खुला ठेवून. आर्विडने नाव, जन्मतारीख सगळं नीट सांगितलं. जादा रक्कम काढायची आहे म्हणाला.

पलीकडच्या बाईने जुन्या नोंदी उघडल्या. मग म्हणाली, "मिस्टर कांगास, हे तुम्ही जानेवारीतही सांगितलं होतं. मेपासूनची रक्कम काढायची म्हणून. आम्ही सहीसाठी पत्र पाठवलं, ते परत आलं नाही."

आर्विडचे हात टेबलावर होते. ते तिथेच राहिले.

"मी फोन केला नव्हता," तो म्हणाला.

रूथ पुढे वाकली. आपण कोण ते सांगून तिने विचारलं, बोलणारा पुरुष होता की बाई?

"पुरुष. स्वतः खातेदार, अशी नोंद आहे."

३

पुरुष म्हणजे कर्टिस, असं म्हणून आर्विड उठला. पण रूथला एक गोष्ट टोचत होती. चोराने पेन्शन चोरली, ती कळली. पण त्यानेच बँकेला फोन करून आर्विडला दंड बसू नये म्हणून धडपड का केली? ज्याचं घर फोडायचं त्याच्या छपराची गळती कोण काढतं?

दुसऱ्या दिवशी ती आरागिरणीत गेली. पगाराचं काम डोरीन बघायची. घर आणि रूथचं दुकान सोडलं तर आर्विडचे सगळे सरकारी ओळख-क्रमांक तिच्याच कपाटात असत. अलीकडे तिने नवीन गाडी घेतली होती, आणि गावाने तिचा हिशेब तिच्याआधी मांडला होता.

डोरीन बोलायला मोकळी होती. गाडी वारलेल्या नवऱ्याच्या विम्यातून आली, हे तिने न विचारता सांगितलं, आणि आर्विडविषयी बोलताना तिचा स्वर मऊ झाला. अशी धार आता कुणाला लावता येणार, म्हणाली. नोव्हेंबरात, हरणांचा मोसम उघडला तेव्हा, त्याने एक दिवसाची रजा घेतली होती. आठवड्याच्या मधोमध. रानातल्या झोपडीत जातो म्हणाला. सगळ्यांनी चिडवलं, कारण परत आला तो हात हलवत. कोटाला पाइनची काडीसुद्धा नाही.

"आणि हल्ली डबा विसरतो," डोरीन म्हणाली. "आम्हीच देतो काहीतरी. खिमा-बटाटा भरलेली पेस्टी म्हटली की नाही म्हणत नाही तो."

रूथ दारापर्यंत गेली आणि थबकली. आदल्याच दिवशी आर्विडने तिला सांगितलं होतं की डोळ्यांमुळे यंदा शिकारीला गेलोच नाही. मग त्या दिवशी तो होता कुठे? आपल्याच अशिलाने आपल्यापासून काहीतरी लपवलंय, हे तिला आवडलं नाही.

कर्टिस तिला बंदरावर सापडला. ओळखीच्या कुणाच्या होडीदुरुस्तीच्या शेडवर माळा होता, तिथे त्याने पथारी टाकली होती. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. तिला बघून त्याने खुर्चीवरचे कपडे उचलले, रॉकेलच्या शेगडीची वात वाढवली. रूथने अजून काही विचारलं नव्हतं.

"मिसेस निएमेला, तुम्ही कशाला आलात ते माहीत आहे," तो म्हणाला. "मीच केलं. त्याला सांगा."

४

चोराने इतक्या पटकन कबुली द्यावी, हे रूथला पचलं नाही. ती बसली. सगळं सांग म्हणाली.

कर्टिस शेगडीकडे बघत सांगू लागला. जानेवारीत जहाज बंदराला लागलं, हातात पैसे नव्हते. आर्विडचे क्रमांक घरात होतेच. त्याच्या नावाने अर्ज केला, पैसे आले ते उडवले.

"अर्ज जानेवारीत केलास?"

"जानेवारीत. घरी आल्यावर."

"त्याआधी?"

"त्याआधी जहाजावर होतो. ऑक्टोबरपासून पाय जमिनीला लागला नव्हता म्हणा ना."

"आणि बँकेला फोन केलास, तो कशासाठी?"

"कुठल्या बँकेला?" कर्टिसने विचारलं, आणि विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे विचारायला नको होतं.

रूथने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "कर्टिस, ऐक. पेन्शनचा अर्ज केला की मेडिकेअर मागच्या तारखेपासून लागतं. सहा महिने मागे जातं, त्याहून जास्त नाही. तू जानेवारीत अर्ज केला असतास तर ते जुलैपासून लागलं असतं. इथे मेपासून लागलंय. म्हणजे अर्ज नोव्हेंबरात झाला. तेव्हा तू सरोवरावर होतास."

वारा शेडच्या पत्र्यावर आदळत होता. कर्टिसने शेगडीची वात कमी केली.

"कुणाला वाचवतोयस?"

"तुम्ही घरी जा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "एकदा चोर झालेला माणूस आहे मी. अजून एकदा झालो तर कुणाचं काय जातं? त्याचं तरी काही जात नाही."

आईला वाचवतोय, असं रूथच्या मनात आलं. ती किनाऱ्याच्या रस्त्याने परत निघाली. बर्फाचे तुकडे धक्क्याला घासत होते, दात खाल्ल्यासारखा आवाज. लॉरेन पत्रं आणायला पोस्टात जायची, हे खरं. घरातले कागदही तिच्याच हाताखाली. पण बँकेत बोललेला पुरुष होता. शिवाय त्याला मे महिना ठाऊक होता. नियम ठाऊक होता. हा नियम गावात माहीत कुणाला? पेन्शनच्या सहा महिने आधी या खात्यात पैसे टाकणं थांबवायचं, नाहीतर जादा होतात, हे रूथ ज्याला गरज पडेल त्यालाच सांगायची. पासष्टीपुढचा, अजून नोकरीत असलेला, असं खातं असलेला पुरुष.

असा तिचा एकच अशील होता. गेल्या मार्चमध्ये समोर बसवून तिने त्याला हे सांगितलं होतं, आणि त्याने तिच्यासमोर ते शब्दन् शब्द पुन्हा म्हणून दाखवलं होतं.

ती रस्त्यातच उभी राहिली. आर्विडला दंड बसू नये म्हणून कोण धडपडेल? बँकेतल्या बाईला त्याची जन्मतारीख न अडखळता कोण सांगेल? नोव्हेंबरात एक दिवस रजा घेऊन, शिकारीला न जाता कोण कुठे जाईल? आणि मेलेल्या मित्राला जाळी टाकायला येतो म्हणून निरोप कोण देईल?

तिने सवय म्हणून सोडून दिलेली गोष्ट सवय नव्हती.

५

लॉरेनने दार उघडलं आणि रूथचा चेहरा बघितल्याबरोबर पाठ फिरवून आत गेली. आर्विड गिरणीत होता. स्वयंपाकघरात वेलदोड्याच्या पावाचा वास होता. लॉरेनने दोन कप काढले, पण कॉफी ओतायची राहून गेली.

"कधीपासून?" रूथने विचारलं.

उन्हाळ्यापासून. सुरुवातीला शब्द अडायचे. मग एकदा गिरणीतून येताना तो तिसऱ्याच रस्त्याला लागला आणि अंधार पडेपर्यंत गाडीत बसून राहिला. त्याला स्वतःला कळत होतं. चांगल्या दिवशी फार चांगलं कळायचं. नोव्हेंबरात एका रात्री तिला म्हणाला, डोकं शाबूत आहे तोवर तुझी सोय लावतो. रजा काढून तो जिल्ह्याच्या गावी गेला, अर्ज केला, तिथल्याच बँकेत नवीन खातं उघडलं. दोघांच्या नावाने. परत येऊन सगळं तिला सांगितलं, आणि ख्रिसमसपर्यंत साफ विसरला.

"पैसे?"

"तसेच आहेत. मी हात लावलेला नाही." जानेवारीत सरकारकडून आलेला पेन्शनचा कागद तिने लपवला होता. मेडिकेअरचं कार्डही. बँकेचं सहीचं पत्र आलं, ते तिला समजलंच नाही, म्हणून तेही लपवलं. "मधेच एका दिवशी त्याला आठवलं असणार. तेव्हा फोन केला असेल. मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा."

"मग त्याला सांगितलं का नाहीस? डॉक्टरकडे का नेलं नाहीस?"

"गिरणी सुटली असती. रूथ, त्या पात्यांशिवाय तो काय आहे? माझ्यासमोर विझला असता." लॉरेनने टेबलावरचा नसलेला डाग पुसला. "मला वाटलं, अजून एक हिवाळा मिळेल."

"आणि कर्टिस?"

लॉरेनचा चेहरा त्या प्रश्नावर उतरला. कर्टिसला तिने जानेवारीत सांगितलं होतं. आर्विडने परवा त्याच्यावर बोट रोखलं तेव्हा मायलेकांची नजरानजर झाली. त्याने मान किंचित हलवली आणि बोचकं भरायला गेला. तिने त्याला थांबवलं नाही.

रूथला राग आला होता. तो तिने गिळला नाही. "चार फुटी पात्यांपाशी उभा असतो तो," ती म्हणाली. "बाजूला दुसरी माणसं असतात. त्यांच्या बायका तुला भेटतात दर रविवारी. आणि तुझ्या पोराला तू चोर होऊ दिलंस."

लॉरेन रडली नाही. तिने नुसतं विचारलं, "तू सांगशील त्याला? मला जमणार नाही."

६

शनिवारी दुपारी चौघं त्या स्वयंपाकघरात बसली. कर्टिस दाराजवळ, कोट न काढता. आर्विडने त्याला बघून तोंड फिरवलं. हा इथे कशाला, म्हणाला.

"मीच बोलावलंय," रूथ म्हणाली. "चोर सापडलाय, म्हणून."

तिने घाई केली नाही. आधी मेडिकेअरचं गणित सांगितलं, मे आणि नोव्हेंबर. मग कर्टिसचं जहाज. मग बँकेतला पुरुष, ज्याला नियम ठाऊक होता. मग नवीन खातं, ज्यातून एक डॉलर निघालेला नाही, आणि चोर काही पैसे ठेवायला चोरी करत नाही. प्रत्येक पायरीवर ती थांबत होती. आर्विड लक्ष देऊन ऐकत होता. पातं हातात घेऊन दाते तपासताना ऐकायचा तसं.

ती नोव्हेंबरातल्या रजेपाशी आली तेव्हा त्याने हात वर केला. पुढचं तिला बोलावं लागलं नाही.

 लॉरेनने लपवून ठेवलेला डबा उघडून कार्ड, कागद, पत्र त्याच्यासमोर ठेवलं. सोबत नोव्हेंबरात त्याने घरी आणलेली अर्जाची प्रत होती, तिच्यावर खाली सही होती. त्याने ती बोटाने चाचपली.

"माझीच," तो म्हणाला. "खोटी असती तर बरं झालं असतं."

मग त्याने बायकोकडे बघितलं. तिच्यावर रागावण्याचा त्याला हक्क होता, आणि क्षणभर तो राग त्याच्या जबड्यात दिसलाही. पण तो कर्टिसकडे वळला.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तू चोर झालास."

कर्टिसने खांदे उडवले. "तुम्ही एकदा माझ्यासाठी गप्प बसला होतात."

आर्विड उठला, दाराशी गेला. मिठी वगैरे मारणारा माणूस नव्हता तो. त्याने कर्टिसच्या कोटाचं वरचं बटण काढलं, मग दुसरं, लहान पोराचा कोट काढावा तसा, आणि कोट खुंटीला अडकवला. "बस टेबलापाशी," म्हणाला. "पाव गार होतोय."

सोमवारी गिरणीत जाऊन मीच सांगेन, असं त्याने परस्पर जाहीर केलं. डॉक्टरची वेळ लॉरेनने घ्यावी. मग तो रूथकडे वळला. जादा रकमेची मुदत गेली का, त्याने विचारलं.

गेली नव्हती. सहीचं पत्र समोर होतंच. ते आज पाठवलं तर रक्कम वेळेत बाहेर येईल. ती उत्पन्नात धरून कर भरावा लागेल, पेन्शनही दाखवावी लागेल, पण दंड बसणार नाही.

"मग आजच," तो म्हणाला. "आज मला कळतंय मी कशावर सही करतोय. पुढच्या आठवड्याचं सांगता येत नाही."

रूथने पत्र सरकवलं, पेन दिलं. त्याने पत्र पहिल्यापासून वाचलं, ओठ हलवत, एकही ओळ न सोडता. एका रकमेपाशी थांबून ती आठ महिन्यांचीच ना, याची खात्री करून घेतली. मग सही केली. ठसठशीत, सरळ. अर्जावरच्या सहीशेजारी ठेवली तर दोन्ही एकाच साच्यातून काढल्यासारख्या.

सहीखाली तारखेची जागा होती. पेन तिथे थांबलं.

"आज तारीख काय?" आर्विडने विचारलं.

रूथच्या टेबलावर हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारायचं. ती न बघता उत्तर द्यायची. पण त्या दिवशी तिची जीभ उचलेना. लॉरेन ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. आर्विड वाट बघत होता, एकेकाच्या तोंडाकडे बघत, आणि कुणी का बोलत नाही हे हळूहळू त्याला कळू लागलं.

कर्टिस खुर्ची सरकवून त्याच्याजवळ आला आणि त्याने तारीख सांगितली. आधी महिना, मग दिवस, मग वर्ष. एकेक करून, आर्विडचं लिहून होईपर्यंत थांबत.